खरेदीखत नोंदलं, सातबारा मात्र हलेना : दोन कार्यालयांमधली माहिती अडते कुठे?

रानवारा | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही दोघी बहिणींनी वडिलांच्या गावी आमच्या शेताला लागून असलेली ६० आर (साधारण दीड एकर) जिरायत जमीन विकत घेतली. मार्चमध्ये दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत नोंदलं. मुद्रांक भरला, अंगठे झाले, फोटो झाले, सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, हातात आली. आता माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाईल आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावाचा बदल, आपोआप धरला जाईल, असं आम्हाला सांगितलं होतं.

अडीच महिने झाले, सातबाऱ्यावर अजून विकणाऱ्यांचंच नाव आहे. गावात विचारलं तर उत्तर मिळालं, "दस्त आलाय, पण गट बंद आहे, नोंद धरता येत नाही." नोंदणी कार्यालयात गेलो, तर "आमच्याकडून माहिती गेली, आमचं काम संपलं." दोघंही खरंच बोलत असणार. पण दोघांच्या मध्ये आमची जमीन अडकली आहे.

माझे प्रश्न दोन. आता करायचं काय? आणि नोंदणीची आय-सरिता प्रणाली व सातबाऱ्याची ई-फेरफार प्रणाली एकमेकींना जोडलेल्या आहेत तर अशी गाठ पडतेच कशी? इथे महसूल, बँक, संगणक अशा सगळ्या क्षेत्रांतले लोक आहेत, म्हणून विचारते.

---

काळीमाती | ३ जून, रात्री १०:०५

ताई, गट नंबर दस्तात काय आहे आणि आजच्या सातबाऱ्यावर काय आहे, ते आधी ताडून बघा. "गट बंद" म्हणजे बहुतेक मधल्या काळात हिस्से पडले आणि जुन्या नंबराऐवजी नवे नंबर आले.

---

रानवारा | ३ जून, रात्री १०:३२

बरोबर ओळखलंत! दस्तात १८४/२ आहे. आत्ता महाभूलेख या सातबाऱ्याच्या सरकारी संकेतस्थळावर बघितलं, तर १८४/२/अ आणि १८४/२/ब असे दोन निघाले. विकणाऱ्या भावांचं वाटप जानेवारीत मंजूर झालं म्हणे. आमच्या वकिलांनी जोडलेला उतारा डिसेंबरचा होता. आणखी एक, सातबाऱ्यावर एका भावाचं नाव 'बाळू' आहे, आधारवर आणि दस्तात 'बाळासाहेब'.

---

निवृत्त_मंडळ | ४ जून, सकाळी ६:५०

रानवारा, मी ३१ वर्षं महसुलात होतो, शेवटची ९ मंडळ अधिकारी म्हणून. थोडं सविस्तर लिहितो.

नोंदणी आणि हक्कनोंद हे दोन वेगळे कायदे आहेत. दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली नोंदला जातो. तिथे बघतात ते दस्त रीतसर झाला का, पक्षकार हजर आहेत का, मुद्रांक पुरेसा आहे का. फेरफार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली होतो. कलम १५४ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याने दस्ताची खबर महसूल खात्याला द्यायची. पूर्वी ही खबर कागदावर यायची. सूची दोनचे गठ्ठे तहसीलमध्ये पडून असायचे आणि तलाठ्याच्या हाती यायला महिने लागायचे. आता तीच खबर संगणकातून येते. मी दोन्ही काळ पाहिले आहेत. फरक मोठा आहे, याबद्दल शंका नको.

पण खबर आली म्हणजे नाव लागलं असं नाही. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरायची, प्रत चावडीवर लावायची, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस द्यायची. हरकतीला १५ दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे ६अ मध्ये. नाही आली तर मंडळ अधिकारी दस्त आणि सातबारा तपासून नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे सातबारा बदलतो.

तुमच्या बाबतीत खबर आली, पण ती ज्या गटाला चिकटवायची तो गटच आज अस्तित्वात नाही. उपाय म्हणजे चूकदुरुस्ती दस्त. त्यात लिहायचं की १८४/२ चे वाटपाने अ आणि ब झाले आणि विकलेलं क्षेत्र अमुक हिश्श्यातलं आहे. सगळ्या विकणाऱ्यांच्या सह्या लागतील. बाळू आणि बाळासाहेब ही एकच व्यक्ती, याचं प्रतिज्ञापत्र जोडा. विकणारे भाऊ तयार आहेत ना? असतील तर घाबरू नका.

---

भेंडीबाग | ४ जून, सकाळी ८:१५

काका, किती छान समजावलंत. आमच्या लेकाने परवा विचारलं, "आई, सातबारा म्हणजे सात वाजून बारा मिनिटं का गं?" त्याला आता तुमचंच उत्तर वाचून दाखवते. गाव नमुना ७ आणि १२ एका कागदावर, म्हणून सातबारा!

---

वेलांटी | ४ जून, सकाळी ११:२०

रानवाराचा दुसरा प्रश्न माझ्या कामाचा आहे. जमिनीच्या नाही, पण दुसऱ्या सरकारी प्रणाली जोडण्याच्या कामात मी बारा वर्षं आहे.

लोकांना वाटतं, दोन प्रणाली जोडणं म्हणजे तार टाकणं. तार टाकणं हा सगळ्यात सोपा भाग. अवघड असतं ते हे, की दोन्ही बाजूंना एकाच वस्तूला एकच नाव हवं. इकडे '१८४/२अ' आणि तिकडे '१८४/२/अ' असेल तर माणसाला कळतं, संगणकाला कळत नाही. गावाची नावंही तशीच. एकाच तालुक्यात खुर्द आणि बुद्रुक, वाडी आणि तर्फ. म्हणून गावाला देशभर एकच सांकेतांक असणं फार मोलाचं. नव्या सातबाऱ्यावर तो छापलेला असतो, बघा.

आणि मराठीची खास अडचण सांगते. 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्त्याचा ऱ, हलंत आणि ह. दुसऱ्यात साधा र, हलंत, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाने शब्दाला शब्द ताडला की दोन वेगळी माणसं! यावर दत्तात्रय-दत्तात्रेय, पांडुरंगमधला सुटलेला अनुस्वार, बाळू-बाळासाहेब. जुना डेटा युनिकोडच्या आधीच्या फाँटमधून आला असेल तर काही अक्षरं वाटेतच बदललेली असतात.

माझं मत स्पष्ट आहे. जुळणी नोंदणीच्या आधी व्हायला हवी. दुय्यम निबंधकांसमोर दस्त ठेवला की त्या क्षणीचा सातबारा प्रणालीने स्वतः ओढून आणावा. गट बंद असेल, विकणाऱ्याचं नाव नसेल, क्षेत्र जास्त असेल, तर तिथेच थांबवावं. पैसे देऊन झाल्यावर चूक कळून उपयोग काय?

---

रानवारा | ४ जून, दुपारी १:०५

वेलांटी, आमच्या वेळी दस्तलेखकाने डिसेंबरच्या कागदावरून माहिती हाताने भरली, हे मला आठवतंय. कुणी ताजा उतारा मागितलाच नाही. आम्हीही नाही.

---

सीमेवरचा | ४ जून, दुपारी ३:४०

बेळगावहून लिहितोय. वेलांटीताई म्हणतात तसं आमच्याकडे काही अंशी आहे. कर्नाटकात 'भूमी' ही हक्कनोंदीची प्रणाली २००० पासून चालते, नोंदणीची 'कावेरी' आणि मोजणीची 'मोजिनी'. सर्व्हे नंबरचा तुकडा विकायचा असेल तर आधी सरकारी किंवा परवानाधारक भूमापकाकडून '११ई' नकाशा काढावा लागतो. तो नसेल तर दस्त नोंदत नाहीत. नोंदला की कावेरीकडून भूमीकडे 'जे-स्लिप' जाते आणि फेरफार सुरू होतो. विकलेला तुकडा कागदावर आणि नकाशावर एकदमच जन्माला येतो, ही यातली मोठी गोष्ट. नकाशासाठी थांबावं लागतं, ते आहेच. माझ्या चुलत्यांनी चार महिने वाट पाहिली. पण पुढे भांडण झालं नाही.

---

शंकुसाखळी | ४ जून, संध्या. ७:३०

सीमेवरचा यांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. आमच्याकडे सातबाऱ्यावर हिस्सा पडतो, पण नकाशावर तो असतोच असं नाही. १८४/२/अ सातबाऱ्यावर आहे, मात्र पोटहिस्सा मोजणी झाली नसेल तर गटाच्या नकाशात अजूनही एकच १८४ दिसेल. मग नकाशा आणि सातबारा या दोन प्रणाली कितीही जोडा, एकाला दोन हिस्से माहीत आणि दुसऱ्याला एकच शेत.

क्षेत्राचंही तसंच. जुना हिशेब एकर-गुंठ्यांचा. साखळी ३३ फुटांची, ३३ बाय ३३ फूट म्हणजे १ गुंठा, ४० गुंठे म्हणजे १ एकर. मेट्रिकमध्ये १ गुंठा १ आरपेक्षा थोडा मोठा भरतो. २ एकर १३ गुंठे म्हणजे ९३ गुंठे, त्याचे होतात सुमारे ९४.०९ आर. कुणी ९४ लिहिलं, कुणी ९३, कुणी हिस्से वेगवेगळे बदलून मग बेरीज केली. पिढ्यान्‌पिढ्या हे साठत आलं. त्यामुळे हिश्श्यांची बेरीज मूळ गटाशी जुळत नाही आणि संगणक नोंद अडवतो. तो बरोबरच करतो, कारण चूक तिथे आधीपासून होती.

इंदापूर भागात १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जी मोजणी पद्धत बसवली, तिचा पाया एकच होता. आधी शेत जागेवर मोजायचं आणि मग कागदावर आणायचं. हिश्श्यांच्या बाबतीत आपण तो क्रम सोडला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सोळाआणे | ४ जून, रात्री ९:१०

कोकणातून +१. आमच्या सामाईक जमिनीत आजोबांच्या वेळची वाटणी आणे-पैत आहे. माझा हिस्सा १ आणा ४ पै. म्हणजे १९२ पैंपैकी १६, सोळा आण्यांचा बारावा भाग. दशांशात घातलं की ०.०८३३३… आणि बारा जणांची बेरीज १ ला टेकत नाही. संगणकात अपूर्णांक अपूर्णांक म्हणूनच ठेवला तर काय बिघडेल?

---

वेलांटी | ४ जून, रात्री ९:२८

काही बिघडणार नाही. अंश एका रकान्यात, छेद दुसऱ्या रकान्यात. मी असती तर तसंच केलं असतं.

---

जामिनदार_नको | ५ जून, सकाळी १०:००

विषय थोडा वळवतो. मी बँकेत शेती कर्ज बघतो. तिसरी बाजू बोज्याची. शेतकरी कर्ज घेतो तेव्हा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात आमचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, चढतो. कर्ज फिटलं की तो उतरायला हवा. चढवण्याची घाई बँकेला असते. उतरवण्याची घाई फक्त शेतकऱ्याला असते, आणि त्याला तर माहीतही नसतं की वेगळा अर्ज लागतो. 'ई-हक्क' या सरकारी प्रणालीवरून बोजा चढवणं, कमी करणं, सोसायटीच्या कर्जाचा ई-करार, वारस, अपाक (अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन खातेदाराचा पालक) शेरा कमी करणं, हे सगळं ऑनलाइन करता येतं. माझ्या शाखेत मी नियम केलाय, शेवटचा हप्ता भरला त्याच आठवड्यात आम्हीच अर्ज टाकतो. खरं म्हणजे कर्जखातं बंद झालं की आमच्या प्रणालीतून तशी खबर महसुलाकडे आपोआप जायला हवी.

---

काळीमाती | ५ जून, सकाळी १०:२५

देव तुमचं भलं करो. माझ्या वडिलांनी विहिरीचं कर्ज फेडलं तेव्हा मी शाळेत होतो. गेल्या वर्षी जमीन वाटणीला काढली, तर बोजा तसाच! बँकेचं नाव लिहीत नाही, पण ती शाखा दुसरीकडे गेली, जुनी खातेवही कुठे आहे कुणालाच माहीत नाही. वडिलांनी पेटीत जपलेली बेबाकी, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याची, पावती सापडली म्हणून सुटलो.

---

गोदातीर | ५ जून, दुपारी १२:४५

देगलूर भागातला आहे, मामाची शेती सीमेपलीकडे तेलंगणात. तिथे २९ ऑक्टोबर २०२० ला 'धरणी' आलं. शेतजमिनीचा दस्त तहसीलदारच नोंदणार आणि त्याच बैठकीत फेरफारही होणार. दोन खात्यांत माहिती पाठवायचा प्रश्नच उरला नाही. मामाने शेजारचं रान घेतलं, सकाळी गेला आणि दुपारी नावावर करून आला. मी म्हणतो, आपल्याकडे १५ दिवस कशाला हवेत? एकच प्रणाली करा ना!

---

निवृत्त_मंडळ | ५ जून, दुपारी २:१०

गोदातीर, ज्यांची नोंद बरोबर होती त्यांना धरणीचा फायदा झाला, हे मान्य. ज्यांची चुकीची चढली होती त्यांचं काय झालं, तेही मामांना विचारा. गावपातळीवर दुरुस्त करणारं कुणी उरलं नव्हतं, महसुली न्यायालयंही त्याच वर्षी काढून टाकली. लोक जिल्हाधिकाऱ्यांकडे नाहीतर थेट दिवाणी न्यायालयात. शेवटी २०२५ मध्ये 'भू भारती' आणून धरणी बदलावी लागली. त्यात दुरुस्ती आणि अपिलाच्या पायऱ्या परत आल्या.

---

गोदातीर | ५ जून, दुपारी २:३०

मामाला फोन केला. म्हणाला, धाकट्या भावाचा अडीच एकराचा तुकडा विक्रीला मनाई असलेल्या जमिनींच्या यादीत गेला होता, सोडवायला दोन वर्षं लागली. काका, तुमचं म्हणणं पटलं.

---

उंबरठा | ५ जून, रात्री ८:५०

त्या १५ दिवसांबद्दल मला बोलायचंय.

माझे काका अविवाहित होते, वारले. आमचं वारसाचं काम चालू होतं. त्याच काळात कुणीतरी काकांच्या नावाने उभं राहिलं आणि त्यांची जमीन विकल्याचा दस्त नोंदवला. मेलेल्या माणसाने सही केली! दस्त नोंदला गेला, माहिती बिनचूक महसुलाकडे गेली, फेरफार धरला गेला. नोटीस काकांच्या जुन्या पत्त्यावर आली. तिथे राहणाऱ्या शेजारणीने ती फेकून न देता मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. माझ्याकडे ६ दिवस होते. मृत्यूचा दाखला लावून हरकत घेतली, पोलिसात तक्रार दिली. नोंद रद्द झाली.

ते १५ दिवस नसते तर आज ती जमीन तिसऱ्या-चौथ्या हातात असती. माहिती जितकी वेगाने धावते तितकीच खोटी माहितीही धावते. मी आता दर सोमवारी 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा बघते. सगळ्यांनी बघा, फुकट आहे. शहरात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

---

सीमेवरचा | ५ जून, रात्री ९:१५

अंगावर काटा आला. त्या शेजारणीला माझा नमस्कार कळवा.

---

वेलांटी | ५ जून, रात्री १०:४०

उंबरठाताई, तुमचा अनुभव वाचून माझं कालचं मत जरा दुरुस्त करते. जुळणी आधी हवीच, पण ती झाली म्हणून नोटीस काढून टाकता येणार नाही. उलट मृत्यूनोंदणीची प्रणाली या साखळीत आणायला हवी. मृत्यूचा दाखला निघाला की त्या व्यक्तीच्या खात्यावर खूण यावी, 'वारसनोंद बाकी'. मग मेलेल्या माणसाच्या नावाने दस्त उभाच राहणार नाही.

---

निवृत्त_मंडळ | ६ जून, सकाळी ६:३०

हे झालं तर मी पेढे वाटीन. दफ्तरात किती मयत खातेदार अजून जिवंत आहेत, ते मला माहीत आहे.

---

डच_माळी | ६ जून, दुपारी १:२०

नेदरलँड्समध्ये राहतो, गेल्या वर्षी घर घेतलं. इथे दस्तांची नोंद आणि भूमापन नकाशा, दोन्ही 'कडास्टर' या एकाच संस्थेकडे. नोटरीने तिथल्या नोंदी आधी तपासल्या, गहाण कुणाचं आहे ते पाहिलं, मग सह्या घेतल्या आणि दस्त संगणकावरून पाठवला. विकणाऱ्याचं कर्ज नोटरीनेच आमच्या पैशांतून फेडलं. तपासण्याची जबाबदारी एका माणसावर, आणि तो चुकला तर जाब देतो. मला वाटतं तंत्रज्ञानापेक्षा हा भाग महत्त्वाचा. रानवारांच्या दस्ताची जुळणी बघायची जबाबदारी नेमकी कुणाची होती?

---

रानवारा | ६ जून, दुपारी १:५५

हाच प्रश्न मी दोन्ही कार्यालयांत विचारला होता. दोघांनीही समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

---

मांडवीकाठ | ६ जून, संध्या. ६:१०

गोव्यातलं एक सांगते. आमच्याकडे सातबाऱ्याच्या जागी फॉर्म एक-चौदा. पोर्तुगीज काळातली जमीन नोंदणी त्याहून वेगळी, तिची भाषा आणि क्रमांकही वेगळे. शिवाय आमच्या दिवाणी कायद्याने वेगळा करार नसेल तर नवराबायको मालमत्तेत अर्धे-अर्धे. फॉर्मवर मात्र कित्येकदा एकाचंच नाव. तो फॉर्म जसाच्या तसा दुसऱ्या प्रणालीत गेला तर बायकोचा अर्धा हिस्सा त्या प्रणालीला दिसणारच नाही. कायद्याने आहे, डेटात नाही. जोडणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, अशी फार इच्छा आहे.

---

शंकुसाखळी | ६ जून, रात्री ८:००

महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडेही सातबारा म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानली जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. दुसऱ्या प्रणालीत गेल्यावर मात्र तीच नोंद काळ्या दगडावरची रेघ समजली जाते. प्रत्येक जमिनीला देशभरात १४ अंकाक्षरी भू-आधार क्रमांक द्यायचं काम चालू आहे. तो नकाशातल्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेला. उत्तमच. पण ज्या हिश्श्याचा नकाशाच नाही, त्याला क्रमांक कशाच्या आधारे देणार?

---

भेंडीबाग | ६ जून, रात्री ८:२०

म्हणजे सगळं फिरून मोजणीवरच येतं तर!

---

रानवारा | १९ ऑगस्ट, सायंकाळी ५:३५

मंडळी, अडीच महिन्यांनी परत आले, राहिलेलं सांगायला.

निवृत्त_मंडळ काकांनी सांगितलं तसंच केलं. विकणारे तिघे भाऊ सज्जन निघाले. मधल्या भावाने कामावरून रजा काढली, आणि धाकटे, तेच आपले बाळू, पंढरपूरच्या वारीहून परतताना थेट नोंदणी कार्यालयात आले. आमचं विकत घेतलेलं क्षेत्र १८४/२/अ मधलं, हे चूकदुरुस्ती दस्तात आलं. या वेळी मी त्याच सकाळी डिजिटल सहीचा उतारा १५ रुपये भरून काढला आणि दस्तलेखकाशेजारी बसून प्रत्येक अक्षर ताडलं. वेलांटी, तिरक्या रेघेसकट!

दस्ताची माहिती ई-फेरफारला गेली, नोंद धरली गेली. नोटीस आपली चावडीवर दिसली तेव्हा आम्ही दोघी बहिणी फोनवर ओरडलोच. १५ दिवस गेले, हरकत नाही. मंडळ अधिकारी बाईंनी प्रतिज्ञापत्र बघितलं, बाळू यांना समोर बोलावून खात्री केली आणि गेल्या मंगळवारी नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर आमची दोघींची नावं आहेत. वडील असते तर उतारा देवापुढे ठेवला असता. आईने ठेवला.

---

निवृत्त_मंडळ | १९ ऑगस्ट, रात्री ७:५०

मनापासून अभिनंदन, बाळांनो. ८अ, म्हणजे खात्याचा उतारा, पण काढून ठेवा. क्षेत्र दोन्हीकडे तेच आहे ना?

---

रानवारा | १९ ऑगस्ट, रात्री ८:१५

काढला काका. दोन्हीकडे ०.६०.०० आहे.

---

शंकुसाखळी | १९ ऑगस्ट, रात्री ८:४०

आणि नकाशा?

---

रानवारा | १९ ऑगस्ट, रात्री ८:५२

पोटहिस्सा मोजणीचा अर्ज आज दुपारीच भरला. तारीख मिळाली की इथे लिहीन. त्या दिवशी तुम्ही बांधावर यावं, अशी आमच्या आईची इच्छा आहे.

---

शंकुसाखळी | १९ ऑगस्ट, रात्री ९:०५

येतो. भाकरी-ठेचा असेल तर निवृत्त_मंडळ साहेबांनाही घेऊन येतो.